नेलेलं परत ठेवणं

मी आधीच भित्रा माणूस, त्यात कॉम्प्युटरवरची नोकरी. साठचं दशक सरत आलं तेव्हा मुंबईत आमचं यंत्र अख्खी खोली अडवून बसलेलं असे. आम्ही प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहायचो. त्यात चुकलं तर यंत्र निदान तोंडावर सांगायचं. पण ती भाषा संथ. म्हणून जड आकडेमोडीचा तुकडा थेट यंत्राच्या बोलीत, असेंब्लीत लिहायचा आणि प्रोग्रॅममधून त्याला बोलावायचं. त्याची मला धडकी भरे. आकडे हाताशी ठेवायला यंत्रात मोजक्याच जागा असत, त्यांना रजिस्टर म्हणत. बोलावलेला तुकडा त्याच जागा वापरी. काम झालं की तिथले आधीचे आकडे होते तसे परत ठेवायचे, नाहीतर मुख्य प्रोग्रॅम भलतेच आकडे घेऊन पुढं चालू लागे आणि कुणी हूं की चूं करत नसे.

त्या हिवाळ्यात रजेवर माझ्या गावी, अणदूरला आलो. गावाजवळ मातीचं धरण बांधायला घेतलं होतं. भिंतीला उतार किती ठेवायचा ते गणित आमच्याच यंत्रावर झालं होतं. प्रोग्रॅम माझा, असेंब्लीचा तुकडा माझ्या सहकारी बाईंचा. भिंतीच्या खालच्या अंगाला माझ्या आत्याची वस्ती. आत्या स्वतः तिथं मातीच्या पाट्या वाहायची आणि सगळ्यांना सांगायची, "माझ्या भाच्याच्या मशिननं माप काढलंय. आता भ्यायचं काम न्हाय." ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग खंडोबा शेजारच्या नळदुर्गला जायचा दिवस आला. आमचा देव वर्षातला काही काळ तिकडं राहतो. दोन्ही गावची जाणती माणसं समोरासमोर बसून तो कधी परत आणायचा ते ठरवतात, मगच देव हलतो. नळदुर्गचे एक म्हातारबाबा म्हणाले, "जसा नेतोय तसा आणून देऊ." मला बाईंचं बोलणं आठवलं. मी रजेवर निघताना बाई म्हणाल्या होत्या, धरणाच्या गणितात वेग वाढवायला आणखी एक रजिस्टर घेतलं होतं. घेतलं होतं, एवढंच. परत ठेवल्याचं त्या बोलल्या नव्हत्या आणि मीही विचारलं नव्हतं.

अंगावरच्या भंडाऱ्यासकट पोस्टात गेलो आणि बाईंना तार केली: घेतलेलं सगळं परत ठेवलं का? पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चोरीचा मामला हाय का?" मला हसूही आलं नाही. उत्तर येईपर्यंत अन्न गोड लागेना. धरणावर जाऊन बसायचो. आत्या पाटी ओतून माझ्याकडं बघून हसायची आणि मी नजर चुकवायचो.

उत्तर आलं. परत ठेवलं नव्हतं. बाईंनी गणित पुन्हा करून पाहिलं होतं. आम्ही दिलेला उतार फार उभा होता.

काम थांबलं. भिंत रुंद करायची ठरली. आत्याला मीच सांगितलं. ती डोक्यावरची चुंबळ हातात धरून ऐकत राहिली.

"मग आता बराबर हाय?"

"हाय," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पाटी उचलली.

भिंत पुरी होऊन तलाव भरल्यावर पुन्हा गावी गेलो, तर आत्या वस्तीत नव्हती. खालचं दगडी घर मोकळं टाकून तिनं वर माळावर खोपट घातलं होतं. इथं का आलीस, मी विचारलं.

"वारं चांगलं लागतंय हितं," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. भिंत आता पक्की आहे, हे तिला पुन्हा सांगायचा मला धीर झाला नाही.