मुक्या जिवांचं बिऱ्हाड

उन्हाळा सरत आला, की पद्माकाकू आपल्या मांजरीला करंडीत जेवायला घालायच्या. झाकणाची वेताची करंडी, तळाशी जुन्या लुगड्याचा तुकडा आणि वर दूधभाताची वाटी. चिंगी आत शिरून निवांत जेवू लागली, की काकू हळूच झाकण लावायच्या, करंडी काखेत मारायच्या आणि सांगलीतल्या आमच्या नदीकाठच्या गल्लीतून एक फेरी मारून यायच्या.

गल्ली हसायची. "काकू, चिंगीला माहेरी सोडायला निघालात काय?" असं कुणीतरी विचारायचंच. काकू न थांबता म्हणायच्या, "पाणी दारात आल्यावर मांजर करंडीत बसत न्हाई बाबा. त्येला आधीच सवय लावाय लागती."

हे त्यांना आधीच्या मोठ्या पुराने शिकवलं होतं. बोट दाराशी आली, तेव्हा त्यांची त्या वेळची मांजर, मनी, माणसांच्या गलक्याने भेदरून माळ्यावर चढली. काही केल्या हाताला लागेना. बोटीतली मुलं घाई करत होती, कारण पुढच्या घरात बाळंतीण अडकली होती. काकू माळ्यावर दूध ठेवून बोटीत बसल्या. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर माळ्याच्याही वर भिंतीवर चिखलाची रेघ होती. मनी कुठेच नव्हती. काकूंनी घरातला चिखल उपसला, भांडी घासली, जैन बस्तीत दर्शन घेऊन आल्या. त्यांना रडताना मी पाहिलं नाही. एकदाच म्हणाल्या, "तिला वाटलं आसंल, ही आत्ता यील म्हणून."

पुढे एका वर्षी पुन्हा पाऊस हटेना. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली. लोक आयर्विन पुलावर पातळी बघायला जाऊ लागले. काकू गेल्या नाहीत. कडेगावच्या बहिणीकडे जायला त्यांनी जीप बोलावली, चिंगीला करंडीत घातलं आणि मला घेऊन शेजारच्या जोशी सरांकडे गेल्या.

सर निवृत्त शिक्षक, एकटेच राहायचे. सोबतीला बंड्या नावाचा म्हातारा, मागच्या पायांनी अधू झालेला कुत्रा. सर त्याच्याजवळ उंबऱ्यावरच बसले होते.

"छावणीत कुत्रा घेत नाहीत, मी विचारून आलो," ते म्हणाले. "याला टाकून मी जाणार नाही. तुम्ही व्हा पुढे."

सरांचा पुण्यातला मुलगा फोन करून थकला होता. गल्लीनेही सांगून पाहिलं होतं. काकूंनी सरांना काही सांगितलंच नाही. त्या खाली बसल्या आणि बंड्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, "चल रं गड्या. बहिणीच्या गोठ्यात तुझी जागा केलीया. पोतं टाकून ठिवलंय. कवाच सांगितलंय तिला."

सरांनी मान वर केली. "कधी सांगितलंत?"

"उन्हाळ्यातच. आवं, ह्याला सोडून तुमी निघणार न्हाई, ह्ये मला ठावं हाय. आता ह्यो निघालाय. तुमी यताय का न्हाई?"

सर उठून चप्पल शोधू लागले. चादरीची झोळी करून आम्ही बंड्याला जीपमध्ये चढवलं. वाटभर चिंगी ओरडत होती आणि बंड्या सरांच्या पायांवर डोकं टेकून पडला होता. दुसऱ्या दिवशी सरांच्या घराच्या खिडक्या पाण्याखाली गेल्या.

बंड्या त्यानंतर पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगला. गेला तो आपल्याच अंगणात, सकाळच्या उन्हात.

गेल्या वर्षी काकू आजारी पडल्या. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी चिंगीला स्वतःच सरांच्या घरी नेऊन सोडलं.

"अहो, तुम्ही परत याल की," सर म्हणाले.

"आले तर न्हीन. पर तिचं आत्ताच ठरलेलं बरं."

काकू परत आल्या नाहीत. मांजराच्या केसांनी शिंका येतात म्हणून आयुष्यभर मांजरांना हाकलणाऱ्या सरांच्या आरामखुर्चीत आता चिंगी झोपते. सर शेजारी स्टुलावर बसून पेपर वाचतात, आणि पान उलटताना आवाज होऊ देत नाहीत.