तारेवरची चिठ्ठी

एका मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या पत्नीला, सुमनला, एपिलेप्सी आहे. एपिलेप्सी म्हणजे फिट्स येण्याचा आजार. त्यांनी फेनोबार्बिटोनच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "एक दिवसही चुकवायचा नाही. गोळी एकदम बंद झाली तर फिट आवरणार नाही."

तीन वर्षं चुकला नाही.

घाटकोपरचा आमचा केमिस्ट नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठ्या दुकानातच तारेला टोचून ठेवी. मला ते सोयीचं वाटे. मी लायब्ररीत कामाला. सुमन म्हणायची, "अहो, एकेका पुस्तकाची दोन-दोन कार्डं करता, आणि बायकोची चिठ्ठी लोकाच्या तारेवर!" मी हसत असे.

मग संचारबंदी लागली. डबीत एका दिवसाच्या गोळ्या होत्या. पहिले दोन दिवस गल्लीतून कुणालाच सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी रेडिओवर सांगितलं, उद्यापासून औषधांची दुकानं उघडतील, चिठ्ठी दाखवणाऱ्याला जाऊ देतील.

चौथ्या सकाळी नाक्यावर हवालदाराने अडवलं. "चिठ्ठी?"

"दुकानात आहे."

"आज सगळ्यांचीच दुकानात आहे, काका."

मी रिकामी डबी पुढे केली. त्याने लेबल वाचलं. "दहा मिनिटं. उशीर केलात तर माझी वाट लागेल."

आमचा केमिस्ट भांडुपला राहायचा. त्याचं शटर खाली होतं. पुढचं दुकान उघडं होतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "दुकान उघडायला परवानगी आहे, काका. ही गोळी अशी द्यायला नाही. चिठ्ठी पाहिजे, शिवाय फार्मासिस्ट समोर पाहिजे. आमचा संचारबंदीत घरीच अडकलाय." गोळ्यांची बाटली त्याच्या मागे कपाटात दिसत होती.

डॉक्टरांचा फोन लागला नाही. दहा मिनिटं होत आली, म्हणून मी घरी परतलो.

दुपारी तिला फिट आली. ती थांबण्याआधी दुसरी. पोलिसांच्या गाडीतून रुग्णालयात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "स्टेटस एपिलेप्टिकस." म्हणजे फिट थांबतच नाही. मग त्यांनी विचारलं, "सकाळीच इथे का नाही आलात? कॅज्युअल्टीत आम्ही गोळीच दिली असती."

हे मला सुचलं नव्हतं. मी दुकानच शोधत होतो.

तीन दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. चौथ्या दिवशी सुमन गेली.

दुकानातल्या माणसाने नियम पाळला. मीही पाळला. हवालदाराने दहा मिनिटांपुरता मोडला, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. ज्यांच्या घरी रोजची गोळी आहे त्यांना एवढंच सांगतो, चिठ्ठी घरात ठेवा, आणि दुकान नाही म्हणालं तर घरी परतू नका.

संचारबंदी उठल्यावर केमिस्ट स्वतः घरी आला. त्याने चिठ्ठी तारेवरून काढून आणली होती. मधोमध भोक आहे. ती आता माझ्याकडे असते.