ओढ्याकडची वाट

नारायणगावच्या कडेला आमची कॉलनी वसली, तेव्हा मागचा ओढा म्हणजे नुसतं गटार होतं. थर्माकोल, डायपर, चिकनच्या दुकानातली पिसं. मला चीड आली की गप्प बसवत नाही, आणि शेजारच्या वहिनींना मी गप्प बसलेली चालत नाही. आम्ही दोघींनी दोन उन्हाळे तो ओढा उपसला. चिकनवाल्याशी भांडण मी केलं, त्याची समजूत त्यांनी घातली. मग काठानं निर्गुडी, करंज, उंबर लावले. घाटघरच्या एका ओळखीच्या बाईनं वाळुंजाच्या फांद्या दिल्या, त्या नुसत्या चिखलात खोचल्या तरी फुटल्या.

पुढच्या पावसाळ्यांत काठ दाट झाला. पाणी नितळ वाहू लागलं, खंड्या येऊन बसू लागला. मी तर हरखून गेले. आणि नेमकं दिवाळीत कोणाच्या तरी सीसीटीव्हीत बिबट्या दिसला.

आमच्याकडे बिबट्याचं नवल नाही, उसात तो कायमचाच. पण कॉलनीला एकच इलाज सुचला, जेसीबी. ओढा सुधारायचा म्हणजे जेसीबी बोलवायचा आणि काठाची हजामत करून टाकायची, ही आमची जुनी रीत. वहिनींचं घर ओढ्याला लागून, म्हणून सगळे तो निर्णय त्यांच्यावर सोडून मोकळे झाले.

मी तावातावानं त्यांच्याकडे गेले. बिबट्या झाडीसाठी येत नाही, कुत्र्यांसाठी येतो. कचरा गेला, कुत्री पांगली, आता तो इथे कशाला थांबेल, असं सगळं ऐकवलं. वहिनी शेंगा सोलत होत्या.

"तुमचं समदं खरं आसंल, ताई," त्या म्हणाल्या. "पण माझी सून टोमॅटो मार्केटातनं अंधार पडल्यावर त्याच ओढ्याकडच्या वाटंनं येती. तुमचं कोण येतं?"

मी एकटी राहते.

"ऱ्हाऊ द्या झाडी. पण तिला आणाया रोज तुमी जायचं."

गेले. हातात काठी, बॅटरी, आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी. इकडे तिन्हीसांजेनंतर असंच चालतात, म्हणजे बिबट्याला चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. येताना सून बाजारभावाचं काहीतरी सांगत होती. तेवढ्यात निर्गुडीत सळसळलं. मी तिचा दंड इतका करकचून धरला की ती म्हणाली, "काकू, लागतंय." बॅटरीच्या उजेडात मुंगूस पळालं. पण तोवर स्वतः पाणी घालून वाढवलेली ती झाडी मला नकोशी झाली होती.

दारात वहिनी वाट बघत उभ्या होत्या. सुनेला त्यांच्याकडे सोडून मी घरी आले.

सकाळी कोयता घेतला आणि वाटेच्या अंगाची सगळी निर्गुडी गुडघ्याएवढी छाटली. पाण्यालगतचा काठ तसाच ठेवला. छाटताना रडू येत होतं, ते मी आवरलं नाही. थोड्या वेळानं वहिनी आल्या आणि फांद्या बाजूला ओढू लागल्या.

"जेसीबीवाल्याला नगं म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आन् आज सांजंला मी बी येती तुमच्यासंगं. सून म्हणली, तुमी लई भेता."