ऊर्फ कचरू

तुमच्या नावापुढे कोणी 'ऊर्फ' लावून जुनं, लाजिरवाणं नाव चिकटवलं, तर तुम्ही गप्प बसाल? आमच्या घरात कोणी बसत नाही. बाबांनी आयुष्यभर पत्रकं छापली — जातीविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, अंगात येणाऱ्या देवीविरुद्ध. त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते फक्त वाद घालायला. आज मीच लिहितेय...

कळंबला आमची छोटी अभ्यासिका आहे. तिथला ईमेल सर्व्हर मी सांभाळते. 'sampark' या पत्त्यावर आलेली मेल माझ्या आणि बाबांच्या खात्यात पडते. अशा पत्त्याला अलियास म्हणतात. खरं खातं वेगळंच, हे नुसतं दुसरं नाव. मराठीत सांगायचं तर... ऊर्फ.

मागच्या उन्हाळ्यात अभ्यासिकेतली एक मुलगी म्हणाली, "ताई, संपर्कवर मेल टाकली, पोचलीच नाही." म्हणून दुपारी टर्मिनल उघडून कमांड दिली: postalias -q sampark /etc/aliases. हा पत्ता कोणाकोणाकडे जातो, ते ती सांगते. दोन नावं यायला हवी होती. तीन आली. माझं, बाबांचं आणि — kachru.

पत्ते जिच्यात लिहितात ती फाईल उघडून पाहिली. तिच्यात कचरू नाही. सर्व्हरवर त्या नावाचं खातं नाही. पुन्हा कमांड दिली. पुन्हा तीन.

"बाबा, हे कचरू कोण?"

बाबा शेजारी पत्रकांच्या घड्या घालत होते. हात थांबले. "हे नाव तुले कोनं सांगतलं?"

मग कळलं. संघपालकाका म्हणजे बाबांचे जिवलग दोस्त, पत्रकांतले जोडीदार. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव कचरू होतं. ते त्यांनी तरुणपणीच टाकलं. पुढे नोकरीच्या अर्जात दाखल्याशी जुळावं म्हणून 'संघपाल ऊर्फ कचरू' असं लिहावं लागलं. बाबांनी त्यावर पत्रकच काढलं — ऊर्फ लावणारा आपला नाही! काका पांढरकवड्याला निघून गेले. बोलणं तुटलं ते तुटलंच.

"मग जाऊ ना! पांढरकवडा काय लांब आहे? आत्ता एसटीनं निघू."

"काहून? मशीननं नाव दाखवलं म्हनून?" बाबा हसले, पण ओठांतल्या ओठांत. "रस्त्यात लिंबू दिसला का लोकं वाट बदलतात, तं आपन त्यायले हसतो. आता मी स्क्रीन पाहून धावू काय? काही बिघाड असन. दुरुस्त कर."

मला त्यांचा अभिमान वाटला. खरंच वाटला. त्या फाईलवरून सर्व्हरसाठी पत्त्यांचा तक्ता बनतो, तो मी नव्यानं बनवला, पुन्हा कमांड दिली. दोनच नावं. कचरू गेला.

थोड्या दिवसांनी बाबांना फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"जय भीम, यशवंतकाका. मी सुजाता. संघपाल यांची मुलगी."

संघपालकाका वारले होते.

"बाबा सारखे म्हणत होते, यशवंताले बोलवा, मले त्याच्यासंगं चहा प्याचा हाय. मी नेटवरून तुमच्या अभ्यासिकेचा पत्ता काढून मेल टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तोवर बाबा दाराकडं पाहून राह्यले होते... तुमी काहून नाही आले, काका?"

मेल? सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आल्या-गेल्या मेलच्या नोंदींत, तिचा मागमूस नाही. मेल टाकल्याचा दिवस विचारला. मला तिसरं नाव दिसलं, तीच दुपार.

"त्यात कचरू असं लिहिलं होतं का?" मी विचारलं.

"कोन कचरू?" ती म्हणाली.

वडिलांचं ते नाव तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

फोन कट झाला तरी बाबा तो हातात धरून बसले होते. मग हळूच म्हणाले, "पोरी, त्या दिवशी एसटी किती वाजता होती वं?"

मी अजूनही भूत मानत नाही. पण भूत मानत नाही म्हणून माणसाला भेटायचं राहून गेलं, हे आमच्या कुठल्या पत्रकात बसतं?

सर्व्हरवाले म्हणतील, जुना तक्ता राहिला असेल. तो तक्ता मीच बनवला होता, आणि ते नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. मला कारण सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर जरूर लिहा. पण लिहायला बसण्याआधी एक करा. तत्त्वासाठी ज्याच्याशी बोलणं तोडलंय, त्याला आज फोन लावा. आणि तो सांगेल त्याच नावानं हाक मारा.