ऑर्गनमागचं दार

कॉमिकच्या कचेरीत त्याला सगळे बोरू म्हणायचे. चित्रकाराने पेन्सिलीने काढलेल्या चित्रांवर शाई फिरवायची, एवढंच त्याचं काम. बावीस वर्षं हेच. अंकावर नाव लेखकाचं, चित्रकाराचं. बोरूचं कुठेच नाही. एरवी या गोष्टीवरून तो बायकोचं डोकं खायचा.

त्या वर्षी एक मालिका जोरात चालली होती. तीनशे वर्षांपूर्वीचा काळ, एक एकांडा तलवारबाज, आणि राजाला विष घालून गादीवर आपला माणूस बसवू पाहणारा बिशप. एका अंकात तलवारबाजाला कुलूपबंद चर्चमध्ये शिरायचं होतं. चित्रकाराने नुसती भिंत काढून बाजूला लिहिलं, 'इथे चोरदार. तू भर.' बोरूला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचे दाजी, जुन्या चर्चचे किल्लीदार होते. एकतीस वर्षं उघडायचं, मेणबत्त्या लावायच्या, बंद करायचं. दाजींनी हौसेने त्याला आत नेलं, ऑर्गनमागचा पडदा सारला आणि एक बुटकं दार दाखवलं. बाहेरून खालच्या फळीला गुडघ्याने रेटा दिला की त्याची कडी सुटायची.

"हे फादरना आणि मला, दोघांनाच ठाऊक," दाजी म्हणाले. "तू घरचा माणूस म्हणून दाखवलं."

घरच्या माणसाने दार काढलं. चर्च ओळखू येईल असा शेजारचा घंटेचा मनोरा काढला, फळी काढली, कडी काढली, तलवारबाजाचा गुडघा नेमका कुठे टेकतो तेही काढलं. काम मनासारखं जमत असलं की हा गृहस्थ अक्कल गहाण टाकतो.

अंक निघून आठवडा झाला नाही तोच चार वाचक, चांगले मोठे बाप्ये, भरदुपारी त्या दारातून आत घुसले आणि वेदीसमोर लाकडी तलवारींनी लढले. दोनशे वर्षांची रंगीत काच फुटली. चर्चच्या मंडळाने दाजींना विचारलं, दार कोणाला दाखवलंत?

"बोललो असेन कुठेतरी," दाजी म्हणाले. "वय झालं."

त्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या.

त्याच रविवारी ताईने भावाला जेवताना थेट विचारलं, "ते दार तू काढलंस का रे?"

"चित्रकाराने काढून आणलं होतं, ताई. मी नुसती शाई फिरवली."

शाईवाल्यालाच सुचावं असं खोटं, आणि इतकं सफाईदार की त्याचं त्यालाच नवल वाटलं. दाजी समोर बसले होते. त्यांनी ताटावरून नजर वर केली नाही. ताईने भावावर विश्वास ठेवला आणि तिथून पुढे नवऱ्याला धारेवर धरलं ते धरलंच.

बोरूचं मन त्याला खाऊ लागलं. रेघ सरळ येईना. जेवायला बहिणीकडे जावंसं वाटेना आणि न जावं तर संशय. दाजी दिवसभर ओट्यावर बसून असायचे, संध्याकाळी चर्च बंद करायच्या वेळी उठायचे आणि पुन्हा बसायचे. ते एकदा पाहिलं आणि बोरूला वाटलं, आपल्या तोंडाला कोणी काळं फासायची गरजच नाही, ते केव्हाच झालंय.

सहाव्या रविवारी तो ठरवूनच गेला. दाजींशेजारी बसला आणि म्हणाला, "आज ताईला खरं सांगतो. उद्या मंडळालाही."

दाजींनी चर्चच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाले, "सांग की. मी कुठे अडवलंय?"

तेवढ्यात ताई चहा घेऊन बाहेर आली आणि कप ठेवता ठेवताच सुरू झाली. "लोक विचारतात, एवढ्या वर्षांची नोकरी कशी गेली. काय सांगू? यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. स्वतःच्या हाताने घालवली. खोटं बोलतेय का मी? तूच सांग रे."

दाजी त्याच्याकडे बघत होते.

बोरूने मान डोलावली. "खरंय ताई," तो म्हणाला.