डोलकाठीचा आवाज

बंदरावर त्याला सगळे टकटक्या म्हणायचे. होता तो सुतार, होड्यांचा. पण लाकूड समोर आलं की आधी त्यावर बोटाची पेरं वाजवायची आणि कान लावायचा. निरोगी लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. चाळीस वर्षांत या कानानं त्याला कधी दगा दिला नव्हता, आणि ही गोष्ट त्यानं कुणाला विसरूही दिली नव्हती.

त्या दिवशी मेहुण्याच्या छोट्या होडीची डोलकाठी दोन लाकडी घोड्यांवर आडवी पडली होती. बुडाशी तडा गेला होता, आत पाणी मुरलं होतं. कुजका भाग कापून नवं लाकूड तिरप्या सांध्यानं जोडायचं होतं. पण कूज कुठं संपते ते बरोबर कळायला हवं. चांगल्या लाकडात सांधा पडला तर डोलकाठी आणखी वीस वर्षं उभी राहणार. कुजक्यात पडला तर पहिल्याच जोराच्या वाऱ्यात मोडणार, आणि खाली मेहुणा बसलेला असणार.

टकटक्यानं बुडापासून शेंड्याकडं वाजवत वाजवत जाऊन पेन्सिलीनं रेघ मारली. "इथं."

कोपऱ्यात त्याची बायको फाटलेलं शीड शिवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, अजून दोन विती वर घ्या."

"तू तुझी सुई सांभाळ."

"ताई, तू कधीपासून सुतार झालीस?" शेजारी उभा असलेला मेहुणा हसला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

टकटक्यानं करवत लावली. दहा-बारा हात मारले असतील. भुसा पिवळा पडायला हवा होता. पडला तो तपकिरी, ओलसर. त्यानं चिमटीत धरून चोळला, तर पिठासारखा झाला. करवत तशीच फटीत ठेवून तो खाली बसला.

मग त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्हाला ऐकू आलं नाही."

त्याला हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले, ते हसण्यानंच असं नाही. मग उठून त्यानं पेन्सिल तिच्या हातात दिली. तिनं पेरं वाजवली, दोनदा मागे आली, पुन्हा पुढे गेली. चाळीस वर्षं त्याच छपराखाली बसून तिचाही कान तयार झाला होता, फक्त कुणी विचारलं नव्हतं. तिनं रेघ मारली. मूळ रेघेपासून दोन विती आणि वर चार बोटं.

मेहुणा चहा घेऊन आला. अर्धवट काप बघून थबकला. "दाजी, हे काय? चुकलं?"

गप्पा मारून वेळ मारून नेता आली असती. टकटक्याच्या जिभेवर लाकडाच्या गाठीला दोष देणारं वाक्य तयारही होतं. ते त्यानं गिळलं.

"माझा कान गेलाय," तो म्हणाला. "तुझा जीव माझ्या रेघेवर टाकू नकोस. ती वरची रेघ तुझ्या ताईची आहे. तिथं कापतो."

मेहुण्यानं बहिणीकडं पाहिलं. थट्टा ओठांवर आली होती, ती तिथंच राहिली. त्यानं पेले खाली ठेवले.

"ताई," तो म्हणाला, "कुठलं टोक धरू?"