मार्थाबाई आणि बाजूचं दार

मार्थाबाई कुणालाही सैतानाला नावं ठेवू देत नसत. बाई ख्रिस्ती. रोज सकाळी बायबल वाचणाऱ्या, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या. पण कुणी म्हणालं, "सैतान शिरला अंगात, म्हणून बोलून गेलो," की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "त्याच्यावर ढकलू नका. त्याची पापं त्याला पुरे आहेत."

एकदा नळावर दोन बायकांची जुंपली. एकीनं दुसरीची भरलेली कळशी लाथेनं उडवली आणि मग स्वतःच रडायला लागली. म्हणाली, "माझ्या हातून सैतानानं करवलं." बाई नुकतीच भरलेली बादली घेऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सैतानाला पाय असतात की नाही मला ठाऊक नाही. तुझा मात्र मी पाहिला." रडणारी हसली. जिची कळशी सांडली होती, तीही हसली. बाईंनी आपली भरलेली बादली तिच्या कळशीत ओतली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. बाई दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. मी अमळनेरकडची, लग्न होऊन इकडे आले. चौथीनंतर शाळा सुटली, शिवणकाम मात्र शिकले. मला चारचौघांत बोलता येत नाही. कुणी आलं की मी मशीन चालू करते. त्या आवाजात बोलावं लागत नाही. बाईंना ही माझी युक्ती पहिल्याच भेटीत कळली. त्या मशीन थांबेपर्यंत काही न विचारता बसून राहिल्या. दोरा संपला, मशीन थांबलं, तेव्हा म्हणाल्या, "सुमन नाव ना तुझं? काम आहे. घाई नाही."

पांढऱ्या पॉपलिनचा तागा घेऊन आल्या होत्या. नाताळात त्यांच्या चर्चमध्ये नाटक व्हायचं आणि ते बाईच बसवायच्या. नाटकाची सुरुवात स्वर्गात. देवदूत ओळीनं उभे, त्यांच्यातला एक म्हणतो, "मी वाकणार नाही," आणि बाजूच्या दारानं बाहेर जातो. तोच पुढे सैतान. मग गोठा, मेंढपाळ, बाळ येशू. सगळ्या दूतांचे झगे मला शिवायचे होते.

मी मापं घेतली. सैतानाच्या झग्यासाठी वेगळं कापड त्या विसरल्या असतील असं मला वाटलं. विचारायचा धीर झाला नाही. मग मीच डोकं चालवलं आणि त्याच्या झग्याच्या घेराला काळी पट्टी लावली. लोकांना कळायला नको का, की हा तो!

बाईंनी झगा उलटापालटा करून पाहिला. रागावल्या नाहीत. "पट्टी सुरेख बसली आहे," म्हणाल्या. "आता उसव."

"सैतानाचा आहे ना, बाई?" मी कसंबसं म्हटलं.

"दारातून बाहेर जाईपर्यंत तो सैतान नाही. सगळ्यांसारखाच दूत आहे, एकाच ताग्यातला. काळं आधीच घालून दिलं, तर तो निवडणार कधी? मग ते देवानंच ठरवून टाकल्यासारखं होईल."

मी पट्टी उसवली. घेरावर सुईची बारीक भोकं राहिली. ती काही इस्त्रीनंही गेली नाहीत.

सैतानाचं काम बाईंचा धाकटा भाऊ करायचा, सायलसभाऊ. वीजकेंद्रात कोळशाच्या कामावर होता, उंच, केस अर्धे पिकलेले. रोज पाळी संपली की बहिणीकडे चहाला यायचा आणि पायरीवरच बसायचा, कारण कपडे काळे. स्वतःच म्हणायचा, "अक्का, मी पगारी सैतान. दिवसभर आगीला कोळसा पुरवतो." मला म्हणायचा, "वहिनी, माझ्या झग्याला मागून शेपटीपुरतं भोक ठेवा बरं का." मी मान खाली घालून हसायचे.

पण तो चर्चमध्ये जात नव्हता. त्याची बायको काविळीनं गेली. दुखवट्याला मंडळी जमली. कुणीतरी समजूत घालायला म्हणालं, "देवाची इच्छा होती." तसा हा उठला आणि म्हणाला, "असली इच्छा असेल तर त्याला माझा शेवटचा सलाम सांगा." तेव्हापासून त्यानं चर्चची पायरी सोडली. त्याला कुणी काढलं नव्हतं, तो आपणहून गेला होता. पुढे एका वर्षी सैतान व्हायला कुणी मिळेना, तेव्हा हा बाईंच्या पायरीवरून म्हणाला, "मी करतो की. मला कुठं सोंग घ्यायचंय?" बाई फक्त म्हणाल्या, "तालमीला वेळेवर ये."

मग दरवर्षी तेच. वर्षातून एकदा तो चर्चमध्ये उभा राहायचा, तोही सैतान म्हणून. "मी वाकणार नाही" हे असं म्हणायचा की मोबाइलवर नाटक टिपणारी माणसंही हात खाली घ्यायची. मग बाजूच्या दारानं बाहेर. त्याच्यामागे एक दूत दाराची कडी खाडकन लावायचा, पोरं टाळ्या पिटायची. सायलसभाऊ बाहेरच्या बाहेर झगा काढून, घडी करून पायरीवर ठेवायचा आणि घरी जायचा. आतलं गाणं, प्रार्थना, नंतरच्या करंज्या, कशालाही थांबायचा नाही.

लोक बाईंना बोल लावत. "सख्खा भाऊ तुमचा, आणि एका शब्दानं बोलवत नाही तुम्ही." बाई म्हणत, "मी बोलावलं तर तो येईल. माझ्यासाठी येईल. मग तो आला असं होईल का?"

हे त्या शांतपणे म्हणत. पण नाटकाच्या दुसऱ्या दिवशी त्या पायरीवरचा झगा घेऊन माझ्याकडे येत आणि तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहत. मी तेव्हा मशीन चालू करत नसे.

आमच्या गल्लीत नजमाभाभी राहत. यावलकडच्या तडवी मुसलमान, बोलायला मोकळ्या. डिसेंबरात बटणं लावायला त्या मदतीला येत आणि बाईंशी वाद घालत. वाद दर वर्षी तोच.

"बाई, तुमचं हे मला पटतच नाही," भाभी म्हणायच्या. "फरिश्ता कसा नाही म्हणेल व? आमच्यात फरिश्त्याला मर्जीच नसते. तो नुराचा, उजेडाचा. अल्लानं सांगितलं, त्यानं केलं. इब्लीस, म्हणजे तुमचा सैतान, फरिश्ता नव्हताच मुळी. तो जिन, आगीचा. जिनाला मर्जी असते, माणसासारखी. म्हणून तो आदमपुढं झुकला नाही. म्हणाला, तो मातीचा, मी आगीचा."

"म्हणजे तुमच्यात चांगले ते चांगलेच, त्यांना दुसरं काही येतच नाही," बाई म्हणायच्या. "बरं आहे. जिवाला घोर नाही. पण नजमा, ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय चव? आमच्यात सगळे देवापाशीच होते, आणि सगळ्यांना दार मोकळं होतं. देवानं कुणाच्या पायात दावं घातलं नाही. दाव्यानं बांधतात ती गुरं."

"दावं घातलं असतं तर बरं झालं असतं," भाभी एका वर्षी म्हणाल्या. "आज एवढं रामायण झालं नसतं."

"रामायण तर सुमनचं," बाई हसल्या. "सुमन, तुमच्यात कोण पडलं गं स्वर्गातून?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या हातात सुई होती, मशीनकडे पळायला वाव नव्हता. मी लहानपणी आजोबांच्या मांडीवर कीर्तनात ऐकलं होतं ते सांगायला लागले. वैकुंठाच्या दारावर दोन दारवान होते, जय आणि विजय. ऋषी आले तर त्यांनी अडवलं, आपल्या पहाऱ्याचा ताठा. ऋषींचा शाप लागला, खाली पडाल. विष्णूनं विचारलं, सात जन्म भक्त होऊन राहता, का तीन जन्म वैरी होऊन? त्यांनी वैरी होणं मागून घेतलं.

"वैरी? का गं?" बाईंनी विचारलं.

"लवकर परत येता यावं म्हणून," मी म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडून माहेरची बोली निघते. "मंग त्या परत उनात, बाई. दोन्ही उनात."

"परत आले?"

"हो. आपल्या दारावर."

बाईंच्या हातातलं बटण तसंच राहिलं. मग बाई म्हणाल्या, "आमच्यात असं नाही लिहिलेलं," आणि दोरा ओवायला लागल्या. तो त्यांना दोनदा ओवता आला नाही.

त्या वर्षी रंगीत तालमीला मी झगे घेऊन गेले होते. नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीला लागून उभी राहिले, टाचण्या तोंडात धरून. माझी जागा तीच. आत येऊन बस असं बाई मलाही कधी म्हणाल्या नव्हत्या. सायलसभाऊची पाळी संपायची होती, तो आला नव्हता. बाई कडी लावणाऱ्या दूताला म्हणाल्या, "यंदा कडी लावायची नाही. दार नुसतं लोट."

चर्चचे पाळकसाहेब तरुण होते, सरळ मनाचे. ते पुढे आले. "बाई, असं कसं? त्या दूतांना साखळदंड घातले असं शास्त्रात स्पष्ट आहे. स्वर्गात त्यांना पुन्हा जागा मिळाली नाही, असंही आहे. उद्या मुलं विचारतील, सैतान परत येतो का म्हणून."

"मला पाठ आहे ते," बाई म्हणाल्या. "शास्त्राच्या बाहेर मी पाऊल ठेवत नाही. सैतानाचं काय करायचं ते देवाला ठाऊक, त्यात मी कोण? पण पाळकसाहेब, त्या दाराबाहेर सैतान नसतो. माझा भाऊ असतो. आणि कडीचा आवाज त्याला बाहेर ऐकू जातो."

पाळकसाहेबांनी बाजूच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "डिसेंबरची थंडी आहे. बाहेर माणूस कुडकुडतं, म्हणून कडी लावली नाही, असं मी मंडळीला सांगेन. चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "थंडी आहेच."

नाटकाच्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. दूत ओळीनं उभे राहिले. दीपनगरात पांढरं कापड कुणी बाहेर वाळत घालत नाही, राख बसते. मी सगळे झगे घरात दोऱ्या बांधून वाळवले होते. ते दिव्यात चमकत होते, सैतानाचाही. सायलसभाऊ "मी वाकणार नाही" म्हणाला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला. दूतानं दार लोटलं. खाडकन झालं नाही. पोरं टाळ्यांसाठी हात वर करून तशीच राहिली.

दार पुरतं मिटलं नव्हतं. मी उभी होते तिथून फटीत पांढरं दिसत होतं. दर वर्षी तो लगेच झगा काढायचा. या वर्षी तो झगा घालून उभा होता. इकडे मेंढपाळ आले, गोठा आला. बाई पहिल्या बाकावर कडेला बसल्या होत्या, दाराच्या बाजूला. त्यांनी एकदाही दाराकडे पाहिलं नाही. मला इतकं वाटलं की जावं आणि त्याला म्हणावं, या ना आत. पण मी काय बोलणार, आणि बाईंनी जे इतकी वर्षं गिळलं, ते मी कसं बोलणार?

शेवटचं गाणं सुरू झालं. सगळे उभे राहिले, म्हणून पुढचं मला दिसेना. गाणं संपून सगळे खाली बसले, तेव्हा बाजूचं दार उघडं होतं आणि सायलसभाऊ दारात आत उभा होता. त्याला कुठं बघावं कळेना. कुणी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "बाहेर थंडी आहे."

बाई वळल्या नाहीत. त्या बाकावर आत सरकल्या, एका माणसापुरत्या. बस, एवढंच.

तो येऊन बसला. पाळकसाहेब प्रार्थनेला लागले, डोळे मिटून. मी काही प्रार्थना जाणत नाही, म्हणून माझे डोळे उघडे होते. बाईंचा पदर डोळ्याला नव्हता. त्यांचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला होता.

घरी परतताना सायलसभाऊ म्हणाला, "अक्का, नाटक बिघडवलं ना मी तुझं?"

"बिघडवलंस," बाई म्हणाल्या. "सैतान कुठं पहिल्या बाकावर बसतो का? चल, करंज्या उचल."

नंतर तो दर रविवारी जायला लागला, असं काही नाही. कधी जायचा, कधी पायरीवर बसून म्हणायचा, "आज माझं आणि त्याचं जमत नाही." बाई म्हणायच्या, "बरं, मी सांगते त्याला." आणि एकट्या जायच्या. पण जाताना त्यांच्या तोंडावर जी उदासी असायची, ती आता नसायची.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. आजार लांबला नाही. शेवटी नजमाभाभी आणि मी आळीपाळीनं उशाशी होतो. भाभींनी एकदा लाडानं चिडवलं, "बाई, आता वर जाताय, तर विचारून घ्या, इब्लीस जिन होता का फरिश्ता." बाईंचे ओठ हलले. "मी आधी दाराची कडी बघीन," म्हणाल्या.

त्यांच्या मातीला चर्च भरून गेलं होतं. भाभी पुढे जाऊन बायकांत बसल्या. मी मागच्या भिंतीपाशी उभी राहिले. बाजूचं दार उघडंच होतं, उकाड्यामुळे. सायलसभाऊ पहिल्या बाकावर कडेला, बाईंच्या जागी बसला होता. पेटीवर पांढरं कापड होतं, माझ्याच घरून गेलेलं, त्या ताग्यातलं उरलेलं.

पाळकसाहेब वाचायला लागले, तेव्हा सायलसभाऊनं मागे वळून पाहिलं. त्याला मी दिसले. त्यानं हाक मारली नाही, खूण केली नाही. पुन्हा पुढे तोंड केलं आणि बाकावर आत सरकला.

मी बराच वेळ भिंतीला धरून उभी राहिले. मग चप्पल काढली, सगळ्या माणसांच्या मधून चालत पुढे गेले आणि बसले.